वाचकांचे प्रश्न : होडीच्या फळ्या पारदर्शक करताना

प्रश्न : मी लाखनी तालुक्यातील एका गावात सुतारकाम करतो. माझ्या मेहुण्यांची मुंबईला कॅबिन असलेली, शिडाची लहान होडी आहे. कॅबिनमध्ये उतरण्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंच्या खाचांत वरून सरकवून बसवायच्या दोन सागवानी फळ्या आता तडकल्या आहेत. फळ्या लावल्यावरही आतून बाहेरचे दिसावे, म्हणून त्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या कराव्यात असे त्यांचे म्हणणे आहे. जुन्या फळ्या 18 मिमी जाडीच्या आहेत. ॲक्रिलिकच्या तुकड्यावर प्रयोग केला, पण भोक आरपार जाताच तो तडकला. कोणता पत्रा घ्यावा आणि कसा कापावा?

उत्तर : विदर्भातल्या सुताराला सागवान सोडायला सांगणे जिवावर येते, पण मेहुण्यांची मागणी अवाजवी नाही. बंद कॅबिनमधून समोरचे दिसणे ही समुद्रावर मोठीच सोय आहे.

ॲक्रिलिकवर ओरखडे कमी पडतात आणि ते उन्हात सहसा पिवळे पडत नाही; मात्र ते ठिसूळ असते. पॉलिकार्बोनेट आघात फार चांगला सोसते, परंतु त्यावर ओरखडे लवकर उठतात आणि अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा थर नसल्यास ते पिवळे पडते. लाट आदळण्याच्या जागी मी दोन्ही बाजूंना असा थर असलेले, 12 मिमी जाडीचे, भरीव पॉलिकार्बोनेट घेईन. गोठ्याच्या किंवा शेडच्या छपरासाठी मिळणारा पोकळ कप्प्यांचा पत्रा येथे चालणार नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नये. सागवान पॉलिकार्बोनेटपेक्षा चार-पाच पट ताठ असते आणि तुमची फळी 18 मिमीची होती, त्यामुळे नवा पत्रा दाबाखाली अधिक वाकेल. खाच उथळ असेल तर जोराच्या लाटेने तो वाकून खाचेतून निसटूही शकतो. खाचेत दोन्ही बाजूंना निदान 20 मिमी पत्रा बसतो का, हे मेहुण्यांना मोजायला सांगा. जाडीतला फरक पत्र्याला काही चिकटवून भरू नका. खाचेतच सागवानाची पातळ पट्टी बसवा आणि पत्र्याला दोनेक मिमी मोकळीक ठेवा. तेथे तुमचा रंधा कामी येईल.

माप जुन्या फळ्यांवरून प्लायवर उतरवून घ्या. होडीचे हे तोंड बहुधा वर रुंद आणि खाली अरुंद असते, म्हणून काटकोन गृहीत धरू नये. 60 सेंमी रुंदीचा पत्रा तापमानातील 30 अंश सेल्सिअसच्या फरकाने सुमारे 1.2 मिमी लांबतो किंवा आखडतो. मे महिन्यात भर दुपारी टिनाच्या शेडखाली अगदी नेमके कापलेले माप मुंबईच्या थंड पहाटे तेवढे कमी भरेल. सकाळी लवकर कापा आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन मिमी जागा सोडा. दोन फळ्यांचा सांधा सपाट ठेवू नका. खालच्या फळीची वरची कड बाहेरच्या बाजूला उतरती करा आणि वरच्या फळीची कड तिच्यावर त्याच उतारात बसवा, म्हणजे पाणी आत न येता बाहेर ओघळेल.

तुमचा तुकडा तडकला, कारण लाकडाचे ड्रिल बिट प्लॅस्टिकला ओरबाडून ओढते. बिटची धारदार कड दगडावर किंचित बोथट करा, पत्र्याखाली लाकडाचा ठोकळा घट्ट दाबून धरा आणि शेवटच्या दोन मिमीला जोर सोडा. मुठीच्या बोल्टपेक्षा भोक दीड-दोन मिमी मोठे ठेवा, खाली रबरी वॉशर घाला आणि बोल्ट आवळून टाकू नका. कापताना बारीक दातांचे कार्बाइड पाते वापरा. हळू रेटल्यास पत्रा वितळून पात्याला चिकटतो. कडा वॉटर पेपरने 220, 400 आणि 800 नंबर अशा क्रमाने घासाव्यात. चकाकीसाठी कडेवर ज्योत फिरवण्याची युक्ती पॉलिकार्बोनेटवर करू नये.

तुमच्या कारखान्यातील सनमायका चिकटवायचा रबरी गोंद, थिनर, ॲसिटोन आणि पेट्रोल यांपासून पत्रा दूर ठेवा. या द्रावकांनी आत केसाएवढ्या भेगा पडतात आणि पुढे तो तेथूनच फुटतो. पुसायला सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ कापड पुरे. मुंबईला पाठवेपर्यंत पत्र्यावरचा संरक्षक कागद राहू द्या, पण तो उन्हात ठेवू नका. तापलेला कागद पत्र्याला असा चिकटतो की नंतर नखाने खरवडत बसावे लागते.