लेथचा ॲडव्हान्स देण्याआधी

उद्यमबागेत शेड घेतलीस, फार बरं वाटलं. आता सीएनसी लेथचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कातायच्या मशीनचा ॲडव्हान्स देण्याआधी कोटेशनच्या मागची बारीक अक्षरं वाच. 'परिणामी नुकसानीची जबाबदारी आमची नाही' हे वाक्य बहुतेक असतंच; म्हणजे मशीन बंद पडल्यामुळे होणारा पुढचा तोटा तुझा तू सोस.

माझ्या मशीनच्या स्पिंडलचं, म्हणजे फिरत्या मुख्य दांड्याचं बेअरिंग सातव्या महिन्यात गेलं. आधी बारीक घरघर, मग जॉबवर, म्हणजे कातलेल्या भागावर लाटा उठायला लागल्या. विकणाऱ्याने बेअरिंग फुकट बदललं, वॉरंटी पाळली. पण अकरा दिवस मशीन बंद, पुण्याच्या गिऱ्हाइकाने उशिराचा दंड कापला, कामगारांचे पगार चालूच. त्यातला रुपयाही मिळाला नाही, कारण त्या वाक्याखाली माझी सही होती.

1872 च्या करार कायद्याचं कलम 73 म्हणतं, करार मोडल्याने सहज होणाऱ्या किंवा होऊ शकेल हे करारावेळी दोघांना ठाऊक असलेल्या नुकसानीची भरपाई मागता येते; दूरच्या, अप्रत्यक्ष नुकसानीची नाही. म्हणून तुझ्या डिलिव्हरीच्या तारखा आणि दंडाची अट ऑर्डरमध्येच लिही. 'परिणामी नुकसानी'चं ते वाक्य विकणारे काढायला तयार नसतील, तर इंजिनिअर किती तासांत येणार आणि न आल्यास रोज किती रक्कम, एवढं तरी घालून घे. वॉरंटी बिलापासून की मशीन चालू झाल्यापासून, तेही बघ. वीजजोडणी लांबली की वॉरंटीचे महिने फुकट जातात.

ग्राहक आयोगावर भिस्त ठेवू नकोस. धंद्यासाठीची खरेदी तिथे सहसा बसत नाही. स्वतः राबून त्यावरच पोट चालवणाऱ्याला तेवढी सवलत आहे.

सही करू नकोस अजून. कागद घेऊन रविवारी ये, बसून वाचू.