पेटी ब्लूबर्डची, बिऱ्हाड चिमण्यांचं

अमेरिकेत परसात पक्ष्यांसाठी पेट्या लावणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना या वेळी उत्तरं.

आम्ही ओहायोत राहतो. ब्लूबर्ड या इथल्या छोट्या निळ्या पक्ष्यासाठी लावलेल्या पेटीत चिमण्या शिरल्या. घरटं काढून टाकलं की चार दिवसांत पुन्हा भरलेलं. कितीदा काढायचं?

कितीदाही काढा, तो भरतच राहणार. तुमचं भांडण गवताशी चाललंय आणि नर मोकळाच आहे. चिमण्याचा जीव जोडीदारणीपेक्षा जागेत जास्त अडकलेला असतो. अंडी उचलून फेकलीत तर आणखी वाईट. बिथरलेला नर शेजारच्या पेट्यांमध्ये घुसतो आणि तिथली अंडी, पिल्लं, प्रसंगी अंड्यांवर बसलेली मादीही टोचून मारतो. मेलेल्या पक्ष्याच्या डोक्यावर आणि डोळ्यांभोवती जखमा दिसल्या, तर संशय आधी चिमण्यावर घ्यावा.

म्हणून अंडी काढू नका, निकामी करा. चार ते सहा अंडी घालून झाली की प्रत्येकाला सगळीकडून मक्याचं तेल लावा आणि होती तशी परत ठेवा. कवचाची छिद्रं बुजतात, आत हवा जात नाही, वाढ थांबते. मादी मात्र बसून राहते आणि नर त्याच पेटीची राखण करत अडकतो. यात पेटी मात्र अडून राहते, त्यामुळे एकच पेटी असेल तर नर पकडणं हाच खरा उपाय.

त्यासाठी पेटीच्या आत, भोकाच्या मागे बसवायचा स्प्रिंगचा सापळा मिळतो. पक्षी आत गेला की पट्टी उसळून भोक बंद होतं. चिमणाच आत ये-जा करतोय हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सापळा लावू नका, लावल्यावर दर तासाला बघा आणि संध्याकाळी काढून ठेवा. पेटी उघडण्याआधी तिच्यावर मोठी पारदर्शक पिशवी चढवा, नाहीतर दार किलकिलं होताच पाखरू भुर्र.

पकडलेल्या चिमणीचं काय करायचं? कायद्याची अडचण येते का?

१९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या संघीय कायद्याचं संरक्षण या चिमणीला नाही, कारण ती इथली नव्हेच. १८५० च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये माणसांनीच आणून सोडली. तरी सापळे आणि पक्षी मारणं याबाबत राज्याचे, गावाचे नियम वेगळे असू शकतात. राज्याच्या वन्यजीव खात्याला आधी विचारा. गाडीत घालून दूर सोडणं म्हणजे आपली कटकट दुसऱ्याच्या परसात टाकणं.

गावी आपण याच चिमणीसाठी खोकी टांगतो आणि इथे तिला हाकलायचं? मन घेत नाही.

घेणारही नाही. पण तिकडे ती मूळची रहिवासी आहे. इथे ब्लूबर्डला झाडाची ढोली किंवा आपली पेटी यापलीकडे जागा नाही. चिमणीला मात्र वळचण, दुकानाची पाटी, दिव्याचा खांब, काहीही चालतं. मारणं जमत नसेल तर मारू नका. पण आपल्या पेटीत तिची पिल्लं वाढू देण्यापेक्षा पेटी उतरवून ठेवलेली बरी.

अंडी कुणाची, हे खात्रीने कसं कळेल?

हे आधी शिका, कारण इथल्या मूळच्या पक्ष्याच्या अंड्यांना तेल लावणं गुन्हा आहे. चिमणीचं घरटं म्हणजे जाडंभरडं गवत, पिसं, कागदाचे कपटे, सगळं वरपर्यंत कोंबलेलं. अंडी पांढुरकी, त्यांवर करडे-तपकिरी ठिपके. ब्लूबर्डची वाटी बारीक गवताची किंवा पाइनच्या काड्यांची, नीटस, आणि अंडी निळी, क्वचित पांढरी. शेवाळ आणि केस दिसले तर चिकाडी, काटक्यांचा ढीग असेल तर रेन. इथल्याच या दोन्ही छोट्या पक्ष्यांच्या अंड्यांवर ठिपके असतात, म्हणून नुसतं अंडं पाहून ठरवू नका. घरटं पाहा, मग लांब बसून आत जाणारा पक्षी पाहा.

भोक लहान केलं तर?

ब्लूबर्डला दीड इंच लागतं आणि चिमणी सव्वा इंचातूनही शिरते. एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाला ती अडते, पण मग पेटी चिकाडी आणि रेनचीच होते.

चमकत्या झिरमिळ्या लावल्या, तरी चिमण्या येतात.

बहुधा फार लवकर लावल्या. ब्लूबर्डचं पहिलं अंडं दिसलं की त्याच दिवशी लावायच्या. अंडं घातलेली मादी सहसा जागा सोडत नाही आणि झिरमिळ्यांना सरावते. चिमणी नव्या, हलत्या वस्तूला बिचकते. वर्षभर टांगून ठेवल्या तर तीही सरावते, आणि अंड्याआधी लावल्या तर ब्लूबर्डच पळतो. घरटं बांधायला घेतल्यापासून पहिल्या अंड्यापर्यंतचे दिवस त्यामुळे उघडेच राहतात. तेवढ्यात नरावर लक्ष ठेवा.

पेटीच्या वर आडवी काठी बांधा आणि मायलरच्या, म्हणजे चकाकत्या पातळ प्लास्टिकच्या, इंचभर रुंद सहा-आठ पट्ट्या सोडा. टोकं छपराला जेमतेम घासावीत, भोकासमोर लोंबू नयेत. लावल्यावर तासभर थांबा. मादी आत गेली नाही तर काढून टाका. वाऱ्याने पट्ट्या काठीला गुंडाळल्या जातात आणि मग त्यांचा काही उपयोग नसतो, म्हणून रोज सोडवा. पिल्लं उडाली की त्या उतरवा.

आणि दाण्याच्या भांड्यातली बाजरी, मक्याचा भरडा, पावाचे तुकडे बंद करा. त्यासाठीच चिमण्यांचा थवा परसात ठाण मांडतो.