आठव्या इनिंगचा माणूस

प्रिय मुली,

तुझी यादी पोचली. ‘बेसबॉलमधले विस्मृतीत गेलेले दहा महान खेळाडू’. रात्री जेवणं उरकल्यावर वाचली, सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचली. मंडळाच्या दिवाळी अंकाला ती अशीच दिलीस तर संपादक खूश होऊन छापतील, आणि लोक चकली खाता खाता वाचून पान उलटतील. तुला तेवढंच हवं असेल तर पत्र इथेच मिटून ठेव. पण ‘काका, स्पष्ट सांगा’ असं तूच लिहिलंस, म्हणून पुढे लिहितोय.

आधी तीन नावं खोडली आहेत, राग धरू नकोस. सॅचेल पेज वयाच्या ४२व्या वर्षी, १९४८ साली, क्लीव्हलंडकडून मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, उतरला. त्याचे किस्से ज्यांनी आयुष्यात बेसबॉल पाहिला नाही तेही सांगतात. होनस वॅगनरचा तर आपल्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाच्या मैदानाच्या, पीएनसी पार्कच्या, दारातच पुतळा आहे. राहिला रॉबर्टो क्लेमेंटे. त्याच्या जर्सीचा नंबर २१, म्हणून पीएनसी पार्कची उजवीकडची भिंत २१ फूट उंच बांधली. १९७२च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या विमानात तो गेला, तेव्हा त्याच्या नावावर बरोब्बर ३००० हिट्स, म्हणजे बेस मिळवून देणारे फटके, होत्या. पिट्सबर्गमध्ये या माणसाला ‘विस्मृतीत गेलेला’ म्हणालीस तर तुला कुणी पार्किंगसुद्धा देणार नाही. लाडके खेळाडू आणि विसरलेले खेळाडू ही दोन वेगळी खाती आहेत, त्यांची सरमिसळ करू नकोस.

उरले सात. सातांच्याही परिच्छेदांचा साचा एकच: जन्म, सरासरी, होम रन, हॉल ऑफ फेम या मानाच्या संग्रहालयात गेल्याचं साल, आणि शेवटी ‘दुर्दैवाने आज त्यांना कुणी ओळखत नाही’. मला खटकला तो ‘दुर्दैवाने’. पावसात भिजून पुस्तक खराब व्हावं तशी माणसं विसरली जात नाहीत. दर वेळी काहीतरी घडलेलं असतं किंवा कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. ते शोध. तुझा लेख तिथे आहे.

आता हॅल स्मिथ घे. तुझ्या यादीत तो नाही, आणि तो महान खेळाडूही नव्हता. चांगला कॅचर, म्हणजे आपल्याकडच्या यष्टिरक्षकासारखा, होता, एवढंच. १३ ऑक्टोबर १९६०, पायरेट्सचं जुनं मैदान फोर्ब्स फील्ड, वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेचा सातवा, निर्णायक सामना, समोर न्यूयॉर्कचे यांकीज. सातव्या इनिंगमध्ये आपला कॅचर स्मोकी बर्जेस बेसवर पोचला. पाय जड, म्हणून त्याच्या जागी दुसरा धावायला पाठवला, आणि मग कॅचर हवा म्हणून स्मिथ आत आला. आठव्या इनिंगला पायरेट्स ७-४ असे मागे. बिल व्हर्डनचा सरपटी फटका, साधा डबल प्ले (एका चेंडूवर दोघं बाद) होण्यासारखा, खड्याला लागून उसळला आणि शॉर्टस्टॉप टोनी क्युबेकच्या गळ्यावर बसला. पुढे क्लेमेंटेने एक रडका चेंडू पहिल्या बेसच्या बाजूला ढकलला आणि जिवाच्या आकांताने पळाला. यांकीजचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बेस सांभाळायला पोचलाच नाही. तो बाद झाला असता तर इनिंग तिथेच संपली असती. त्यानंतर स्मिथ आला आणि त्याने चेंडू डावीकडच्या भिंतीपलीकडे धाडला. तीन रन. ९-७.

सामना तिथे संपता तर त्या मैदानाच्या जागेवर आज स्मिथच्या नावाची पाटी दिसली असती. पण नवव्या इनिंगला यांकीजनी ९-९ केलं, आणि बिल मॅझरोस्कीने पहिल्याच संधीला तो प्रसिद्ध होम रन मारला. १०-९. मॅझरोस्कीचा रस्त्याला नाव देऊन, पुतळा उभारून सन्मान झाला, आणि व्हायलाच हवा होता. स्मिथला विसरायला कुणी बसलं नव्हतं. अर्ध्या तासात त्याच्याहून मोठी गोष्ट घडली, इतकंच. या प्रकारचं विसरणं मला सगळ्यात निरागस वाटतं, आणि म्हणूनच कदाचित जास्त लागतं.

मी १९७९ साली इथे आलो तेव्हा शेजारी एक निवृत्त पोलाद कामगार राहायचा. स्कोअरकार्ड भरायला त्यानेच मला शिकवलं, त्याच्या पोर्चवर, रेडिओ लावून. १९६०च्या त्या दिवशी यांकीजनी ७-४ केल्यावर त्याने वैतागून रेडिओ बंद केला होता आणि तळघरात काहीतरी ठोकत बसला होता. रस्त्यावर भोंगे वाजायला लागले तेव्हा त्याला कळलं. मॅझरोस्कीबद्दल त्याने कधी हळहळ केली नाही. ‘स्मिथचा ऐकायला हवा होता’ म्हणायचा.

स्कोअरकार्ड शीक, हे आधीच सांगायला हवं होतं. दर खेळाडूच्या ओळीत, दर इनिंगला एक चौकोन. त्यात हिरा काढलेला. बेस मिळाला की त्या हिऱ्याची बाजू पेन्सिलीने गडद करायची. क्षेत्ररक्षकांना नंबर असतात: शॉर्टस्टॉप ६, सेकंड बेस ४, फर्स्ट बेस ३, म्हणून ‘६-४-३’ म्हणजे डबल प्ले. हे जमलं की २६ मे १९५९चं कार्ड स्वतःच्या हाताने भर. मिलवॉकीचं मैदान, आपला पिचर हार्वी हॅडिक्स, अंगात फ्लू. त्याच्या समोरच्या ब्रेव्ह्जची बाजू भरायला लाग: बाद, बाद, बाद. नऊ इनिंग, सत्तावीस माणसं, एकाही हिऱ्यावर पेन्सिल नाही. पण पायरेट्सनाही रन करता येईना, म्हणून दहावी, अकरावी, बारावी. छत्तीस माणसं ओळीने बाद. असा कागद मी दुसरा पाहिलेला नाही, कोराच दिसतो.

तेराव्या इनिंगला आपल्या डॉन होकचा थ्रो चुकतो. तिथे ‘ई-५’ लिही, म्हणजे थर्ड बेसची चूक. मग मॅथ्यूजचा बंट (हलकेच टेकवलेला चेंडू), हँक ॲरनला मुद्दाम वॉक, म्हणजे फुकटचा बेस, आणि जो ॲडकॉकचा भिंतीपलीकडे फटका. त्यातही गोंधळ: ॲरनला वाटलं सामना संपला, त्याने वाट सोडली, ॲडकॉक त्याच्या पुढे गेला, आणि होम रनचा डबल झाला. १-० हार. समोरचा ल्यू बर्डेट बारा हिट्स देऊन जिंकला.

एवढं झाल्यावर १९९१ साली मेजर लीगने नो-हिटरची, म्हणजे पिचरने एकही हिट न दिलेल्या सामन्याची, व्याख्या बदलली: सामना संपेपर्यंत हिट नको. हॅडिक्सचं नाव अधिकृत यादीतून गेलं. बत्तीस वर्षांनी, एका बैठकीत. नियम तर्काला धरून आहे हे मला कळतं. तरी पटत नाही. आणि हो, १९६०च्या त्या सातव्या सामन्यातला विजयी पिचर कोण? हॅडिक्सच. हे ट्रिव्हिया म्हणून लेखात घुसडू नकोस. बसलं तर ठेव.

जॉश गिब्सनवर तू चांगलं लिहिलंस, पण घाईने. होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सचा कॅचर. कातडीच्या रंगामुळे मेजर लीगचं दार बंद. २० जानेवारी १९४७ला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, इथेच वारला. जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला त्याच वर्षी १५ एप्रिलला. बारा आठवड्यांचं अंतर. ॲलेगेनी सिमेट्रीतल्या त्याच्या कबरीवर १९७५पर्यंत दगड नव्हता, आणि हॉल ऑफ फेममध्ये तो १९७२लाच गेला होता! तीन वर्षं संग्रहालयात ब्राँझची पाटी आणि इथे नुसतं गवत.

आकड्यांबाबत जपून. तू त्याचे ‘८०० होम रन’ बिनधास्त लिहिलेस. त्या पाटीवर जवळपास आठशे असं आहे खरं, पण त्यात गावोगाव फिरून खेळलेले सामनेही आले. मेजर लीगने २०२४ साली निग्रो लीग्जचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीग्जचे, आकडे आपल्यात धरले, त्यात फक्त लीगचे सामने मोजले, तेव्हा होम रन दोनशेच्याही खाली आले. सरासरी मात्र .३७२ निघाली आणि तोवर सरासरीत सगळ्यांच्या वर असलेला टाय कॉब मागे पडला. आकडा दोन्हीकडचा खरा. वही कुणाची, ते सांग. त्या वह्या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांनी सांभाळल्या म्हणून हे आज शक्य झालं. ‘पिट्सबर्ग कुरियर’चे जुने अंक लायब्ररीत मायक्रोफिल्मवर बघ. बॉक्स स्कोअर वाच, शेजारच्या जाहिरातीही वाच.

आपल्या वाचकांना हे समजावताना अडखळलीस तर बाळू पाळवणकर आठव. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा माणूस. पुण्यात त्याच्या गोलंदाजीवर सामने जिंकायचे आणि चहा त्याला पॅव्हिलियनबाहेर मातीच्या भांड्यात द्यायचा. कप्तानपद कधीच नाही. मराठी वाचकाला याहून जास्त सांगावं लागणार नाही. पण एका ओळीत आटप. लेख गिब्सनचा आहे.

आर्की व्हॉन तुझ्या यादीत सातवा होता, मी पहिल्यांदा घेतला असता, पण तो माझा लाडका आहे म्हणून. १९३५ साली पायरेट्सचा शॉर्टस्टॉप असताना सरासरी .३८५. अबोल. १९४३मध्ये ब्रुकलिनला मॅनेजर लिओ ड्युरोशरशी वाजलं, तेव्हा युनिफॉर्म काढून त्याच्या हातात ठेवला, आणि पुढचे तीन सीझन आपल्या रँचवर काढले. १९५२ला मासेमारीच्या होडीतून बुडून गेला, वय चाळीस. हॉल ऑफ फेम १९८५. जो स्वतःबद्दल बोलत नाही आणि लवकर जातो, त्याच्याबद्दल बोलायला मागे फारसं कुणी उरत नाही.

तर दहा नकोत. एक घे, फार तर दोन. आणि ‘दुर्दैवाने’ काढून टाक.

येत्या १३ ऑक्टोबरला वर्ग बुडव. तुझ्या विद्यापीठाच्या पॉझव्हार हॉलमध्ये फोर्ब्स फील्डची होम प्लेट, म्हणजे फलंदाजाची जागा, काचेखाली जमिनीत आहे. रोज त्यावरून जात असशील. आधी ती नीट बघ. मग बाहेर ये. मैदानाच्या भिंतीचा जो तुकडा उरलाय, तिथे १९८५ साली एक माणूस एकटाच टेपरेकॉर्डर घेऊन बसला आणि त्याने त्या सामन्याचं रेडिओ समालोचन पहिल्यापासून लावलं. आता दर वर्षी बरीच माणसं जमतात. टेप अशी लावतात की मॅझरोस्कीचा होम रन दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी येतो, त्या दिवशी आला तसाच. बहुतेक जण तेवढ्यासाठीच तीन-सव्वातीनला उगवतात. तू एक वाजता ये. घडीची खुर्ची आणि पेन्सिल मी आणतो, खोडरबर तुझं तू आण. आणि आठव्या इनिंगला माझ्याशी बोलू नकोस.

तुझा,
काका