मोंगोडीबी या डेटाबेसचा कोड गिटहबवर सगळ्यांना दिसतो, मग त्याच्या एसएसपीएल या लायसन्सला ओपन सोर्स का म्हणत नाहीत?

कारण कोड बघायला मिळणं वेगळं आणि तो हव्या त्या कामाला वापरायचा हक्क असणं वेगळं. ओपन सोर्स डेफिनिशनचं, म्हणजे ओपन सोर्स कशाला म्हणायचं ते ठरवणाऱ्या व्याख्येचं, सहावं कलम सरळ सांगतं की कोणी कशासाठी वापरावं यावर बंधन नको, धंदा असला तरी. २०१८ मध्ये मोंगोडीबीने एजीपीएल हे ओपन सोर्स लायसन्स सोडून एसएसपीएल आणलं, त्याचं कलम १३ वाचा: डेटाबेस सर्व्हिस म्हणून दिलात तर नुसते त्यातले बदल नाही, बॅकअप, मॉनिटरिंग, होस्टिंगचं सगळं सॉफ्टवेअर त्याच लायसन्सखाली खुलं करा. आता हे कोणाला झेपणार सांगा, म्हणजे ही बंदीच झाली ना. फेडोरा या लिनक्स डिस्ट्रिब्युशनने म्हणूनच ते नाकारलं.

क्लाउडवाले, म्हणजे दुसऱ्याचं सॉफ्टवेअर सर्व्हिस म्हणून विकणाऱ्या कंपन्या, आयत्या पिठावर रेघोट्या ओढतात ही तक्रार खरी आहे, मान्य, पण ज्यांनी एका लायसन्सवर विश्वास ठेवून पॅच, म्हणजे कोडमधल्या सुधारणा, पाठवले त्यांच्यासमोर नंतर अटी बदलायच्या हे मला अजिबात पटत नाही. रेडिस या दुसऱ्या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये बीएसडी हे ओपन सोर्स लायसन्स सोडलं तर काही दिवसांतच जुन्या बीएसडी कोडवरून लिनक्स फाउंडेशनकडे वाल्की हे त्याचं वेगळं रूप उभं राहिलं, आणि २०२५ मध्ये रेडिसला एजीपीएलचा पर्याय द्यावाच लागला.