वाचकांचे प्रश्न: केर्न्सचं पाणी, डार्विनच्या मगरी आणि साताऱ्याची राखी

सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी आता ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, केर्न्स, टाउन्सव्हिल किंवा डार्विनला राहतं. सिडनी-मेलबर्नची थंडी तिकडे नाही. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस आणि घामाच्या धारा, मे ते ऑक्टोबर कोरडी, मोकळी हवा. मुलं बाराही महिने घराबाहेर आणि निम्मा वेळ पाण्यात. या महिन्यातली पत्रंही त्याचीच आहेत.

वाईहून एक आजी लिहितात: लेक केर्न्सला असते. नातू अकरा वर्षांचा, नात चारची. घरामागे स्विमिंग पूल आहे. आम्ही दोघं एप्रिलअखेर दोन महिन्यांसाठी चाललोय. लेक-जावई कामावर गेले की मुलं आमच्याकडेच. नातू चांगला पोहतो, बहिणीवर त्याचा फार जीव आहे. "आजी, मी बघतो तिला" म्हणतो. तेवढं पुरे ना?

नाही आजी, पुरे नाही. हे उत्तर आम्ही सर्वांत आधी आणि सर्वांत मोठं देतोय, कारण आपल्याकडे "दादा आहे ना सोबत" हे वाक्य फार सहज निघतं. अंगणात, शाळेच्या वाटेवर, जत्रेत ते चालतं. पाण्यात चालत नाही. बुडणारं लहान मूल ओरडत नाही, हातपायही फारसे मारत नाही. आवाज न होता खाली जातं. अकरा वर्षांच्या मुलाचं लक्ष चेंडूकडे गेलं, तेवढा वेळ पुरतो. आणि त्याला दिसलंच, तर तो उडी मारणार. घाबरलेली चार वर्षांची पोर गळ्याला मिठी मारते, मग दोघंही खाली जातात. जीव लावणारा भाऊच असा अडकतो.

तिथे पालकांना शिकवला जाणारा नियम असा आहे: पाच वर्षांखालचं मूल पाण्यात किंवा पाण्याकाठी असेल, तर मोठं माणूस हाताच्या अंतरावर पाहिजे. हात लांब केला की मूल धरता आलं पाहिजे. व्हरांड्यातल्या खुर्चीवरून मूल दिसतं, ते हाताचं अंतर नव्हे. तुम्हां दोघांना पोहता येत नसेल, तर लेक-जावई घरी नसताना पूल बंद, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. पोरं रुसतील, रुसू द्या.

आता कुंपण. केर्न्स आणि टाउन्सव्हिल ज्या राज्यात आहेत, त्या क्वीन्सलंडच्या कायद्याने घरच्या पुलाला कुंपण लागतंच. उंची कमीत कमी १२० सेंटीमीटर, खालची फट १० सेंटीमीटरपेक्षा जास्त नाही, आणि फाटक आपोआप मिटणारं, आपोआप खटका लागणारं, पुलाच्या उलट दिशेला उघडणारं. कुंपणाच्या बाहेर ९० सेंटीमीटरच्या आत मुलाला पाय देता येईल असं काही नको. इथेच आपल्या सवयी आड येतात. झाडांना घालायची पालथी बादली, कुंडी, प्लॅस्टिकची खुर्ची कुंपणाला टेकवली की चार वर्षांच्या मुलाला पायरी मिळाली. ओले टॉवेल कुंपणावर वाळत घातले की आतलं दिसत नाही. आणि मुलं सारखी आत-बाहेर करतात म्हणून फाटकाला वीट लावून ठेवणं तर अजिबात नको; ते बेकायदाही आहे.

पोचल्याच्या दिवशीच फाटक तपासा. एकदा पूर्ण उघडून सोडा, एकदा अर्धं, आणि एकदा फक्त वीतभर. तिन्ही वेळा 'खट्' असा आवाज आला पाहिजे. बिजागरीची स्प्रिंग सैल झाली की पूर्ण उघडलेलं फाटक जोरात येऊन लागतं, पण वीतभर उघडलेलं नुसतं खटक्याला टेकून राहतं. लांबून बंद दिसतं, ढकललं की उघडतं. बिजागरीचा ताण वाढवायचा स्क्रू बहुधा तिच्याच टोकाला असतो. जावयांना सांगून तो आवळून घ्या. घर भाड्याचं असेल तर एजंटला लेखी कळवायला सांगा. हवा भरायच्या छोट्या टबालाही विसरू नका. ज्यात ३० सेंटीमीटर किंवा जास्त पाणी मावतं, त्याला तिथे पुलासारखंच कुंपण लागतं. त्याहून लहान टब खेळ संपला की रिकामा करून पालथा घालायचा.

नातवाला मात्र नुसतं गप्प बसवू नका. त्याला काम द्या. उडी मारायची नाही. तरंगणारी फोमची नळी किंवा दोरी फेकायची आणि मोठ्याने हाक मारायची. तिथला तातडीचा क्रमांक ०००, तो त्याला पाठ असेलच, तुम्हीही करा. पुलाजवळ छातीदाब आणि श्वास द्यायच्या कृतीचा फलक लावलेला असतो, तो त्याच्याकडून वाचून घ्या. घरात चार मोठी माणसं असली की कुणाचंच लक्ष नसतं, म्हणून एक टोपी ठेवा. टोपी ज्याच्या डोक्यावर, तो फोन घेणार नाही, चहा ठेवायला उठणार नाही. वीस मिनिटांनी टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर.

आणि संध्याकाळी केर्न्सच्या एस्प्लनेडवरच्या लगूनला जा. गावाला लागून समुद्र आहे पण किनारा चिखलाचा, म्हणून नगरपालिकेने काठावरच खाऱ्या पाण्याचा मोठा तलाव बांधलाय. प्रवेश फुकट, जीवरक्षक हजर, मगर नाही, जेलीफिश नाही. नातीला उथळ बाजू आहे. हाताच्या अंतराचा नियम तिथेही तोच.

भिलवडीहून एक वाचक: धाकटा भाऊ शिकायला डार्विनला गेलाय. मासे धरायचा नाद पहिल्यापासून. आम्ही कृष्णाकाठचे, मगरी बघतच मोठे झालो. तो म्हणतो, इथले लोक मगरींचा उगाच बाऊ करतात. खरं का?

बाऊ नाही, भावाला नीट समजावून सांगा. आपल्या कृष्णेतली मगर हल्ला करते, हे तुम्हांला सांगायला नको. पण डार्विनच्या खाड्यांतली खाऱ्या पाण्यातली मगर वेगळ्या जातीची आहे. मोठा नर पाच मीटरच्या पुढे जातो आणि माणूस हे तिच्या लेखी सरळ भक्ष्य आहे. नाव 'खाऱ्या पाण्यातली' असलं तरी ती नदीत, गोड्या पाण्याच्या डोहात, समुद्रकिनाऱ्यावर, कुठेही येते. १९७१ पासून नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे डार्विन ज्या प्रांतात आहे तिथे, तिला संरक्षण आहे आणि संख्या चांगलीच वाढलीय. निमुळत्या तोंडाची गोड्या पाण्यातली लहान मगरही तिथे आहे, ती सहसा वाटेला जात नाही. पण गढूळ पाण्यात कोणती आहे हे ओळखणार कसं?

गळ टाकताना पाण्याच्या कडेपासून निदान ५ मीटर मागे उभं राहायचं. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर, ओंडक्यावर चढायचं नाही. गळ कुठे अडकला तर तोडून टाकायचा. सोडवायला पाण्यात उतरायचं नाही, मग तो कितीही महागाचा असो. मासे काठावर साफ करायचे नाहीत, आतडी-खवले पिशवीत भरून परत आणायचे. तंबू ठोकायचा तर पाण्यापासून ५० मीटर तरी लांब. आणि आपल्या सवयीच्या सगळ्यांत उलट गोष्ट: एकाच जागी, एकाच वेळेला परत परत जायचं नाही. मगर पहिल्या दिवशी नुसती बघते. गुडघाभर गढूळ पाण्यातही ती पूर्ण बुडून दिसेनाशी होते आणि रोज येणाऱ्याची वेळ तिला कळते. धोक्याचा फलक नाही म्हणजे मगर नाही, असंही धरू नये.

पोहायचंच असेल तर लिचफील्ड राष्ट्रीय उद्यानात फ्लोरेन्स धबधबा आणि ब्युली रॉकहोल ही ठिकाणं आहेत. वांगी धबधबा (आपलं वांगं नव्हे) आणि बेरी स्प्रिंग्स पावसाळ्यात बंद असतात. पाणी ओसरलं की मगरी आहेत का हे तपासूनच उघडतात. त्या दिवशीचा फलक 'बंद' म्हणत असेल तर मागे फिरायचं.

विश्रामबाग, सांगली: मे महिन्याच्या सुट्टीत दोन्ही मुलांना घेऊन टाउन्सव्हिलला भावाकडे जायचंय. मुलांना समुद्रात खेळायचंय. मे बरा का?

हवेला मे उत्तम. पण दोन अडचणी आहेत. पहिली, तुमच्या मुलांची सुट्टी म्हणजे मामेभावंडांची शाळा. क्वीन्सलंडच्या शाळांना मोठी मधली सुट्टी लागते जूनच्या अखेरीस, तोवर आपल्या शाळा सुरू झालेल्या असतात. डिसेंबर-जानेवारीत तिकडे सुट्टी असते, पण तो पाऊस-उकाड्याचा काळ. त्यामुळे मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत जावं, असं आम्ही सुचवू. शाळा तीनच्या सुमारास सुटते, सहाच्या आत अंधारून येतं, म्हणजे रोज दोन-अडीच तास आणि शनिवार-रविवार. लवकर गेलात तर मेचा पहिला सोमवार कामगार दिनाची सुट्टी आहे.

दुसरी अडचण जेलीफिशची. त्यांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. बॉक्स जेलीफिश पाण्यासारखीच पारदर्शक, तिचे दोऱ्यासारखे तंतू तीन मीटरपर्यंत लांब. इरुकांजी नावाची दुसरी जेलीफिश तर एक-दोन सेंटीमीटरची, नखाएवढी. हंगामात टाउन्सव्हिलच्या स्ट्रँड या किनाऱ्यावर जाळं लावतात, पोहायचं ते जाळ्याच्या आत आणि जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये. जाळं मोठ्या जेलीफिशला अडवतं, इरुकांजी त्यातून आत येऊ शकते. म्हणून मुलांना मनगट-घोट्यापर्यंतचे लायक्राचे (ताणल्या जाणाऱ्या, अंगाला घट्ट बसणाऱ्या कापडाचे) सूट घाला. स्ट्रँडच्या टोकाला रॉकपूल नावाचा बांधीव तलाव आहे, लहान मुलांना तो बरा.

डंख झालाच तर आधी मुलाला बाहेर काढा, ०००ला फोन करा आणि डंखावर निदान ३० सेकंद व्हिनेगर ओता. किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. व्हिनेगरने वेदना थांबत नाहीत. अंगाला चिकटलेल्या तंतूंतल्या ज्या विषाच्या पेशी अजून फुटलेल्या नाहीत, त्या निकामी होतात. म्हणूनच गोडं पाणी ओतायचं नाही आणि वाळूने, टॉवेलने चोळायचं नाही, त्याने उरलेल्या पेशी फुटतात. इरुकांजीचा डंख सुरुवातीला मुंगी चावल्यासारखा असतो. भावंडांच्या खेळात मूल "काही नाही" म्हणून परत पळतं, आणि पाच ते चाळीस मिनिटांत कंबरदुखी, घाम, उलट्या, पेटके सुरू होतात. म्हणून "काहीतरी चावलं" म्हणणाऱ्या मुलाला पाऊण तास सावलीत डोळ्यांसमोर बसवा.

उन्हाचं थोडक्यात. सावळ्या कातडीला धोका कमी, पण शून्य नाही, आणि डोळ्यांना तर कातडीच्या रंगाचा काही उपयोग नाही. ५० क्रमांकाचं सनस्क्रीन बाहेर पडायच्या २० मिनिटं आधी, मोठ्या माणसाला सगळ्या अंगाला मिळून सात चमचे, दर दोन तासांनी पुन्हा. आपण बोटभर लावतो आणि मग "लागलंच ऊन" म्हणतो. रुंद काठाची टोपी इथूनच न्या. तिथल्या शाळांत टोपी नाही तर मैदानात खेळ नाही.

कराड: तिकडच्या बागांत फुकटच्या विजेच्या शेगड्या असतात म्हणे. त्यावर थालीपीठ होतं का?

होतं, पण तव्याचा अंदाज विसरायचा. स्टीलची सपाट प्लेट, मधे तेल निथळायला भोक. बटण दाबलं की ठरावीक वेळ तापते, मग आपोआप बंद होते, पुन्हा दाबायचं. तापायला दहा मिनिटं द्या. प्लेटला भोकाकडे उतार असल्यामुळे तेल सोडलं की थेट भोकात जातं. तेल थालीपिठालाच लावा. आधीच्या माणसाने मांस भाजलेलं असतं, तेव्हा शाकाहारी घरांनी अॅल्युमिनियम फॉइल अंथरावी. थालीपीठ घरून बटर पेपरवर अर्धा सेंटीमीटर थापून न्या, कागदासकट पालथं घाला, कडा सुटल्या की कागद काढा. भाजताना वरून स्टीलचं ताट झाका, नाहीतर वारा सगळी आच नेतो आणि थालीपीठ वाळतं, खरपूस होत नाही. एकेका बाजूला पाच-सहा मिनिटं लागतात. भरताचं वांगं इथे अख्खं भाजत नाही, जाळच नाही. उभं चिरून, तेल लावून, कापलेली बाजू खाली ठेवा. भावंडांत थापणारा एक, झाकण धरणारा एक, असं वाटून द्या.

सातारा, यादोगोपाळ पेठ: भाऊ टाउन्सव्हिलला. गेल्या वर्षी पाठवलेली राखी पोचलीच नाही. सोबत कंदी पेढे आणि अक्षता होत्या. काय चुकलं?

पेढे आणि अक्षता, दोन्ही. ऑस्ट्रेलिया आपल्या शेतीला आणि गुरांना बाहेरचा रोग लागू नये म्हणून टपाल उघडून तपासते. आपल्याकडे जनावरांत लाळ्या-खुरकूत आहे, त्यामुळे इथले दुधाचे पदार्थ आत जात नाहीत. तांदळाचे दाणे हे बी. साताऱ्याचा पेढा चुकतोय हे वाईट वाटतं, पण त्या पाकिटात तो नकोच.

राखी रेशमाची, जरीची, काचेच्या किंवा धातूच्या मण्यांची निवडा. रुद्राक्ष, तुळशीमणी, लाकूड, चिकटवलेलं धान्य, सुकी फुलं, मोरपीस यांतलं काही नको. पाकीट नवं कोरं घ्या. फळांच्या जुन्या खोक्याचा तुकडा किंवा गवताचा भुसा आत घालू नका. पाकिटावरच्या कस्टमच्या फॉर्मवर वस्तू नेमकी लिहा: 'रेशमी धाग्याची राखी', नुसतं 'भेटवस्तू' नको. चार आठवडे हाताशी ठेवून पाठवा. कुंकू, तांदूळ तो तिथल्या भारतीय दुकानातून घेईल, नारळ तर त्या किनाऱ्यावर मिळतोच, नारळीभात तिथेच होऊ द्या.

आणि ओवाळायच्या फोनची वेळ. टाउन्सव्हिल आपल्यापुढे साडेचार तास, वर्षभर तेवढंच, तिथे घड्याळ मागेपुढे करत नाहीत. तुम्ही रात्री नऊला कामं आवरून फोन लावाल, तेव्हा त्याच्याकडे दीड वाजून गेलेला असतो. तो पाचला कामावरून सुटला की तुमच्याकडे साडेबारा. दुपारी एकच्या सुमारास ताट तयार ठेवा.