‘पिवळ्या धातूची’ साखळी आणि वर्दीतला चोर

प्रश्न असा आहे: दिवसा पोलीस आणि रात्री चोर असा माणूस खरंच असतो का? आणि घरफोडीतले आपले दागिने सापडून पोलीस ठाण्यात जमा झाले असतील, तर ते तिथेच बदलले जाणार नाहीत कशावरून?

असा माणूस असतो, पण विरळा. दागिन्यांची भीती मात्र अनाठायी नाही. दोन्ही ठिकाणी चोराचं भांडवल एकच: कागदावर कशाची नोंद होते आणि कशाची होत नाही, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

रात्री घरं फोडणाऱ्या पोलिसाचं सगळ्यात पक्कं उदाहरण कॅलिफोर्नियातलं. जोसेफ डीअँजेलो १९७३ ते १९७६ या काळात एक्झिटर नावाच्या छोट्या गावात पोलीस होता आणि घरफोड्या रोखायच्या मोहिमेतही होता. त्याच सुमारास, १९७४-७५ मध्ये, शेजारच्या व्हिसेलिया शहरात शंभरावर घरं फुटली. पद्धत ठरलेली. आत शिरलं की आधी पळून जायच्या दोन-तीन वाटा उघडून ठेवायच्या. दाराला बश्या किंवा बाटल्या टेकवायच्या, म्हणजे कुणी दार लोटलं की खळ्ळकन आवाज व्हावा. मग कपाटं उपसायची. न्यायचं काय, तर गल्ल्यातली नाणी, चिल्लर, जोडीतलं एकच कानातलं. महागाची वस्तू समोर असली तरी बहुतेक वेळा ती जागच्या जागी.

हे तपास करणाऱ्याच्या नजरेने बघा. घरफोडीचा तपास बहुतेक वेळा माल कुठे विकला गेला यावरून पुढे सरकतो. नाण्यांवर नंबर नसतो. एकच कानातलं नाहीसं झालं तर बाई आधी पलंगाखाली शोधते. सोनाराच्या दुकानात काही पोचतच नाही, त्यामुळे तपासाचा नेहमीचा रस्ता सुरू व्हायच्या आधीच संपतो. डीअँजेलोने हे हिशोबाने केलं की विकृतीपोटी, हा वेगळा विषय. परिणाम तोच झाला.

तो चोर म्हणून पहिल्यांदा सापडला १९७९ मध्ये, दुकानातून दोन वस्तू उचलताना: एक हातोडी आणि कुत्री पळवायचा फवारा. तेव्हा तो ऑबर्नच्या पोलीस दलात होता. नोकरी गेली, पण हातोडी आणि कुत्र्यांचा फवारा एकाच माणसाला कशाला लागतो, हा धागा कुणी शेवटपर्यंत ओढला नाही. मधल्या काळात तो बलात्कार आणि खुनांपर्यंत पोचला होता. २०१८ मध्ये डीएनए आणि दूरच्या नातेवाइकांच्या वंशावळीवरून तो पकडला गेला आणि २०२० मध्ये त्याने १३ खुनांची कबुली दिली.

शिकागोच्या समरडेल ठाण्याचं १९६० चं प्रकरण दुसऱ्या जातीचं. रिचर्ड मॉरिसन हा सराईत घरफोड्या अटकेत आल्यावर बोलू लागला आणि त्याच्याबरोबर आठ पोलीस असल्याचं बाहेर आलं. कुलूप तो उघडायचा, पहारा पोलीस द्यायचे, माल पोलिसांच्याच गाडीतून जायचा. गस्तीची गाडी अडवून डिकी कोण उघडायला लावणार? अशी टोळी साधारणपणे साथीदार फुटला की उघडी पडते, वरिष्ठांच्या तपासणीत क्वचितच.

आता आपल्याकडे येऊ. इथे ज्याची धास्ती घ्यावी ती जागा म्हणजे मुद्देमालाची खोली, ठाण्यात जप्त माल ठेवतात ती. जप्त मुद्देमाल परत मिळवताना वकील ज्या निकालाचा हवाला हमखास देतात, तो सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य हा निकाल. फार थोड्यांच्या लक्षात असतं की त्यातले आरोपी पोलीसच होते. ठाण्यात जमा असलेल्या मौल्यवान वस्तू काढून बनावट ठेवणं, जमा रोकड खाणं, मुद्देमालाचा परस्पर लिलाव करणं आणि नोंदींत फेरफार करणं, असे आरोप त्यांच्यावर होते. न्यायालयाने त्या निमित्ताने सांगितलं की सविस्तर पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि माल मालकाला देऊन टाका. ठाण्यात तो १५ दिवस, फार तर महिनाभर राहावा.

गडबडीचं बीज बहुतेक वेळा जप्ती पंचनाम्याच्या एका ओळीत असतं: ‘एक पिवळ्या धातूची साखळी, वजन अंदाजे २० ग्रॅम, जु.वा.’ शेवटचं म्हणजे जुनी वापरती. ‘पिवळ्या धातूची’ लिहिण्यात पोलिसांचं चुकत नाही. कस लावल्याशिवाय ते सोनं म्हणू शकत नाहीत. घात करतो तो ‘अंदाजे’. उद्या ठाण्यातल्या सीलबंद पाकिटातून १६ ग्रॅमची पितळी साखळी निघाली, तरी ती या वर्णनात चपखल बसते.

म्हणून माल सापडल्याचं कळलं की तपास अधिकाऱ्याला लेखी विनंती करा की सराफाला बोलावून वजन आणि कस पंचनाम्यात घ्यावा. वजन दोन दशांशांपर्यंत हवं, आणि वजनाबरोबर मापही हवं. कारण साधं आहे. २२ कॅरेट सोन्याची घनता साधारण साडेसतरा-अठरा, पितळेची साडेआठच्या आसपास. ४० ग्रॅमची भरीव पाटली हुबेहूब त्याच आकारात पितळेची केली, तर ती जेमतेम १९-२० ग्रॅम भरेल. वजन ४० करायचं तर ती डोळ्यांना दिसेल इतकी जाड होईल. पंचनाम्यात वजन, आतला व्यास आणि जाडी तिन्ही असतील, तर बदली करणाऱ्याला स्वस्तातली वाट राहत नाही. लाख भरलेले दागिने इथे फसवतात, त्यांच्यासाठी कस आणि फोटो यांवरच भिस्त. मंगळसूत्राचं मण्यांसकट वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्या. वाट्यांच्या मागची बाजू, डाग लावलेली कडी, सोनाराचा शिक्का यांचे जवळून फोटो हवेत. पट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो सगळ्यात कामाचा.

हॉलमार्कचा नवा दागिना असेल तर काम सोपं. त्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. तो फिर्यादीत आणि पंचनाम्यातही यायला हवा. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तो टाकला की नोंद पडताळता येते. आजीच्या पाटल्यांवर तो नसणार, हे उघड आहे.

एक घोळ तर घरातूनच सुरू होतो. फिर्यादीत लोक ‘दहा तोळे’ लिहून मोकळे होतात. आजचा सराफी तोळा १० ग्रॅमचा, जुना ११.६६ चा. जुन्या पावतीतले दहा तोळे म्हणजे ११६ ग्रॅमच्या वर. हा सोळा ग्रॅमचा फरक पुढे चोराने खाल्ला, सोनाराने खाल्ला की ठाण्यात गेला, हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. ग्रॅममध्येच लिहा.

पाकीट सील करताना लाखेच्या मोहोरेचा नमुना वेगळ्या कागदावर घेतलेला असावा आणि पाकिटावरच्या लेबलवर पंचांच्या सह्या असाव्यात. पुढे पाकीट कधीही उघडलं, तर कुणी, कशासाठी उघडलं आणि पुन्हा कोणतं सील लावलं याची नोंद व्हायला हवी. सगळ्यात नाजूक क्षण येतो मुद्देमाल कारकुनाची बदली झाल्यावर. खोलीत शेकडो पाकिटं असतात. नवा माणूस पाकिटं न उघडता यादीवर सही करतो आणि जुन्याची जबाबदारी धूसर होते. त्यात काही वाईट हेतू असतोच असं नाही, बऱ्याचदा वेळच नसतो. पण ज्याने आधीच हात मारलाय, तो याच दिवसाची वाट बघत असतो. नाशवंत मालाची तर कथाच न्यारी. मथुरेत २०२२ मध्ये पोलिसांच्या अहवालाने जप्त केलेला ५८१ किलो गांजा नाहीसा झाल्याचं खापर उंदरांवर फोडलं होतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे तपास आणि फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती ठरवणारा कायदा, लागू आहे. कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं असतं. कलम ४९७ प्रमाणे माल न्यायालयापुढे आल्यावर १४ दिवसांत त्याचं वर्णनपत्र आणि फोटो, आणि त्यानंतर ३० दिवसांत मालाचं काय करायचं त्याचा आदेश. ही मुदत आपोआप पाळली जाईल या भरवशावर बसू नका. माल सापडल्यावर लगेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करा. माल अजून न्यायालयापुढे आला नसेल तर कलम ५०३ खाली. सोबत खरेदीच्या पावत्या, आणि त्या नसतील तर लग्नकार्यातले दागिने घातलेले फोटो आणि प्रतिज्ञापत्र. न्यायालय पोलिसांचं आणि सरकारी वकिलांचं म्हणणं मागवतं. हरकत नसेल तर बंधपत्रावर माल मिळतो. अट सहसा अशी की खटला संपेपर्यंत विकायचा नाही, मोडायचा नाही, बोलावलं की हजर करायचा. पाटल्या मोडून नवा हार करायचा विचार असेल तर तो बाजूला ठेवा.

ताबा घेताना घाई नको. आधी सील आणि लेबल बघा, त्यांचाही फोटो घ्या. शक्य असल्यास सराफाला सोबत न्या, नाहीतर निदान छोटा डिजिटल काटा तरी. वजन, माप, शिक्का पंचनाम्याशी ताडून मगच ताबापावतीवर सही. फरक निघाला तर वस्तू घरी आणू नका. एकदा ती ठाण्याच्या उंबऱ्याबाहेर गेली की बदल तुमच्याच हातून झाला असं म्हणायला जागा मिळते. पावतीवर ‘पंचनाम्यातील वजनाशी फरक, हरकत नोंदवून ताबा नाकारला’ असं लिहून दुसऱ्या दिवशी न्यायालयात अर्ज द्या आणि पाकीट न्यायालयासमोर उघडून मोजायची मागणी करा. त्याच अर्जात ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा आदेश मागा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निर्देशांप्रमाणे ते १८ महिने, निदान वर्षभर तरी, टिकायला हवं.

अपहार सिद्ध झाला तर कलमही साध्या चोरीचं लागत नाही. विश्वासाने ताब्यात दिलेला माल लोकसेवकाने खाल्ला म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६(५) लागतं. त्यात जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद आहे. साध्या चोरीला पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंत. न्यायालयाचा आदेश हातात असूनही कुणी ‘बघा, काहीतरी द्यावं लागेल’ म्हणालं, तर महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. पैसे देण्याआधी तिथे फोन करा, कारण सापळा मागणीची पडताळणी झाल्यावर लावतात, पैसे देऊन झाल्यावर नाही.