आधी ‘केलं’ म्हणायची, आता ‘करलं’ का म्हणते?

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावाहून आई आणि आज्जी साडेतीन वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आई म्हणाली, “मॅडम, दोन वर्षांची होती तेव्हा ‘केलं’, ‘आला’, ‘गेला’ सगळं नीट म्हणायची. आता ‘मी चित्र करलं’, ‘बाबा येला’ असं बोलते. शिकलेलं विसरत चाललीय.” आज्जींचं निदान तयार होतं: शेजारी दिवसभर कन्नड कानावर पडतं, त्यानं पोरीचा गोंधळ झालाय. घरी एकच भाषा बोला, असंही त्यांना कुणी सांगितलेलं. म्हणून शेजारच्या मैत्रिणीकडे खेळायला पाठवणं बंद झालं होतं. मला ‘करलं’पेक्षा या बंद झालेल्या खेळाची काळजी वाटली.

मी मुलीला एक चित्र दाखवलं आणि मनानंच एक क्रियापद बनवलं. “हा माणूस रोज ढिमतो. कालपण त्यानं हेच केलं. काल तो...?” “ढिमला!” ती लगेच म्हणाली. हा शब्द तिनं कधीच ऐकलेला नव्हता, म्हणजे तो पाठांतरातून आलेला नाही. अमेरिकेत जीन बर्को यांनी १९५८ साली अशाच बनावट शब्दांनी मुलांची परीक्षा घेतली होती, आणि तिथली मुलंही न ऐकलेल्या शब्दांना बरोबर प्रत्यय लावत होती.

दोन वर्षांचं मूल ‘केलं’ म्हणतं ते ऐकून साठवलेलं असतं. ‘कर’शी त्याचं नातं त्याला अजून ठाऊक नसतं. मग बसला, पडला, हसला, धावला असे शब्द साठत जातात आणि मुलाला नियम सापडतो: ‘ल’ लावला की झालेली गोष्ट सांगता येते. बोलण्याच्या घाईत साठवणीतला ‘केलं’ वेळेवर हाती लागला नाही, की नियम पुढे होतो आणि ‘करलं’ तयार होतं. ‘मरला’, ‘देला’, ‘सांगलं’ हे त्याच वाटेनं येतात. मोठी माणसंसुद्धा सर्रास ‘पाणी पिलं’ म्हणतात, ते याच ओढीनं.

मेंदूत साठवण आणि नियम अशा खरंच दोन यंत्रणा आहेत का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. १९८६ मध्ये रुमेलहार्ट आणि मॅक्लेलंड यांनी वेगळा नियम न भरता, नुसत्या उदाहरणांवर संगणकातल्या एका जाळ्याला (मेंदूतल्या पेशींच्या जोडण्यांवरून सुचलेल्या प्रणालीला) इंग्रजी भूतकाळ शिकवला. तेही मुलांसारख्याच चुका करत होतं. पिंकर आणि प्रिन्स यांनी १९८८ मध्ये त्यावर कडक टीका केली. आईबापांसाठी मात्र दोन्हीकडून निघणारा अर्थ एकच: ही चूक शिकण्यातूनच येते.

आणि कन्नड? फक्त इंग्रजी बोलणाऱ्या घरातली मुलंही ‘वेंट’ऐवजी ‘गोएड’ म्हणतात. मार्कस, पिंकर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ८३ मुलांचं बोलणं तपासलं, तेव्हा अनियमित क्रियापदांत अशा चुकांचं मध्यक प्रमाण अवघं अडीच टक्के निघालं. बाकीच्या वेळी मुलं बरोबरच बोलत होती, पण घरच्यांच्या कानाला चूक तेवढी टोचते.

कन्नडचा खरा ठसा दुसरीकडे दिसतो. ती मधूनच “मी भाकरी खाल्लो” म्हणायची. कन्नडमध्ये ‘नानु रोट्टी तिंदे’ म्हणताना क्रियापद खाणाऱ्याप्रमाणे चालतं. मराठीत ते भाकरीप्रमाणे, ‘खाल्ली’. दोन भाषांचे हे हिशेब वेगळे लावायला मुलांना थोडा वेळ लागतो. कन्नड तोडून त्यात काही मिळत नाही, मैत्रीण मात्र जाते. बेळगाव भागात तर ही भाषा तिला जन्मभर लागणार आहे.

घरी काय करायचं, हे आईला मी करूनच दाखवलं. मुलगी म्हणाली, “मी घर करलं.” मी म्हटलं, “अगं वा, घर केलंस? कुणाचं केलंस?” टोकायचं नाही, ‘परत नीट म्हण’ म्हणायचं नाही, बरोबर रूप बोलण्याच्या ओघात तिच्या कानावर घालत राहायचं. खेळायला पाठवणं त्याच दिवसापासून सुरू करा, असंही सांगितलं.

काळजी करायची ती वेगळ्या लक्षणांची. दोन वर्षं उलटूनही दोन शब्द जोडत नाही, हाक मारल्यावर वळत नाही, येत असलेले शब्द बोलणंच थांबलं, चार वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्याला बहुतेक कळतच नाही, असं काही असेल तर थांबू नका. आधी कानांची तपासणी करून घ्या आणि वाचा-उपचार तज्ज्ञांना दाखवा.